वाहनाचा ठावठिकाणा सांगणारीं यंत्रें : साधीं कीं प्रगत ?

गेल्या वर्षीं पावसाळ्यांत एके दिवशीं सायंकाळीं आमच्या विद्यार्थ्यांची ने-आण करणारी एक गाडी नेहमींच्या वेळेला थांब्यावर आली नाहीं. थांब्यावर आठ-दहा पालक उभे होते. गाडीमध्यें ठावठिकाणा सांगणारें यंत्र बसविलेलें होतें व तें पाहण्याची सोय त्यांपैकीं एकाच्या मोबाईलवर होती. त्यांनीं नकाशा उघडला, तों गाडीचा ठिपका वाटेंतील एका ओढ्याजवळ स्थिर झालेला दिसला. चालकाचा फोन लागेना. दुपारपासून पाऊस कोसळत होता आणि ओढ्याला पाणी आल्याची वार्ता थांब्यावर पोंचली होती. त्या पंधरावीस मिनिटांत त्या मातापित्यांच्या मनाची काय अवस्था झाली असेल, तें आम्ही येथें वर्णन करीत नाहीं. दोघे जण दुचाकीवरून ओढ्याकडे धांवले; तेथें गाडी नव्हती. इतक्यांत दुसऱ्याच रस्त्यानें गाडी थांब्यावर येऊन उभी राहिली आणि मुलें हंसत-खिदळत खालीं उतरलीं.

झालें होतें इतकेंच, कीं ओढ्याचें पाणी पाहून चालकानें शहाणपणानें गाडी मागें वळविली व दूरच्या वाटेनें आणली. त्या वाटेवर मोबाईलचें जाळें नव्हतें, आणि त्याच्या फोनची बॅटरी उतरली होती. ठिपका खोटा नव्हता. तो जुना होता. ठिपक्याखालीं बारीक अक्षरांत वेळ लिहिलेली होती, ती पंचेचाळीस मिनिटांपूर्वींची होती, व ती कोणींच वाचली नाहीं.

पुढील पालकसभेंत साहजिकच एक मागणी झाली : "चांगलें यंत्र बसवा." चांगलें म्हणजे कोणतें, हें मात्र कोणासच नीट सांगतां येईना. विक्रेत्यांनीं दोन दरपत्रकें दिलीं होतीं. एका यंत्राचें नांव साधें, दुसऱ्याचें प्रगत, आणि दोहोंच्या किंमतींत बरेंच अंतर. महाराष्ट्र शासनाच्या सन २०११ च्या स्कूल बस नियमांप्रमाणें शाळेंत परिवहन समिति नेमावी लागते. त्या समितीच्या कामानिमित्त आम्हांस या विषयांत थोडें खोल शिरावें लागलें. शिरूर व दौंड या दोन्ही तालुक्यांतील आमच्या पुष्कळ विद्यार्थ्यांच्या घरीं टेंपो, ऊस वाहणारा ट्रॅक्टर, दुधाची गाडी किंवा मालट्रक आहे, व हाच प्रश्न त्यांच्या वडिलांपुढेंहि उभा आहे, असें आढळून आलें. म्हणून जें समजलें तें या अंकांत मांडीत आहों.

प्रथम हें यंत्र करतें काय, तें पाहूं. आपल्याकडे त्यास सरसकट 'जीपीएस' म्हणतात. वास्तविक जीपीएस हें अमेरिकेच्या एका उपग्रहमालिकेचें नांव आहे. तिच्यांतील पहिला उपग्रह सन १९७८ मध्यें सोडण्यांत आला आणि सन १९९५ मध्यें ही मालिका पूर्णपणें कार्यान्वित झाली. निदान २४ उपग्रह पृथ्वीपासून सुमारें २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरत असतात, आणि प्रत्येक उपग्रह 'मी अमुक ठिकाणीं आहे व आतां इतके वाजले आहेत' एवढेंच अखंड सांगत असतो. हा संदेश प्रकाशाच्या वेगानें, म्हणजे सेकंदास सुमारें ३ लक्ष किलोमीटर या वेगानें येतो. त्याला आपल्यापर्यंत पोंचण्यास सेकंदाच्या सुमारें पंधराव्या हिश्शाइतका अवधि लागतो. अवधीवरून अंतर काढतां येतें. तीन उपग्रहांचीं अंतरें कळलीं म्हणजे भूमितीच्या नियमानें आपली जागा निश्चित होते. परंतु उपग्रहांवर अतिशय बिनचूक आण्विक घड्याळें असतात, आणि आपल्या यंत्रांतील घड्याळ असतें स्वस्त. सेकंदाच्या दहा लक्षाव्या भागाची चूक झाली तरी अंतरांत ३०० मीटरांची चूक पडते. ही घड्याळाची चूक काढून टाकण्यासाठीं चवथा उपग्रह लागतो. चार अज्ञात राशींना चार समीकरणें लागतात, हें वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांच्या तत्काळ लक्षांत येईल.

ही सोय मूळची लष्करासाठीं होती. सन १९८३ मध्यें कोरियाचें एक प्रवासी विमान वाट चुकून सोव्हिएट हद्दींत शिरलें व पाडलें गेलें. त्यानंतर ती सामान्य जनांस खुली करण्याचें अमेरिकेनें जाहीर केलें. तरीहि लष्करेतरांसाठीं तींत मुद्दाम अचूकपणाची तूट ठेवलेली असे; ती सन २००० च्या मे महिन्यांत काढून टाकण्यांत आली, आणि शंभर मीटरांपर्यंत चुकणारा ठिपका कांहीं मीटरांवर आला. पुढें भारतानेंहि स्वतःची मालिका उभारण्यास आरंभ केला. तिचा पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजीं सोडण्यांत आला, व सन २०१६ मध्यें तिला 'नाविक' हें सुंदर नांव मिळालें. हल्लींचीं बरींच यंत्रें जीपीएस व नाविक या दोहोंचेंहि ऐकतात.

येथें एक मोठा गैरसमज दूर केला पाहिजे. उपग्रह आपल्याला पाहत असतो, अशी कित्येकांची कल्पना असते. तसें नाहीं. उपग्रह केवळ बोलतो व यंत्र केवळ ऐकतें. आपली जागा कळल्यानंतर ती मालकास कळविण्याचें काम अगदीं निराळें आहे, आणि तें यंत्रांतील सिमकार्डाच्या द्वारें, मोबाईलच्या जाळ्यावरून होतें. म्हणजे या एका डबींत दोन कामें आहेत : ऐकणें व सांगणें. आमच्या गाडीच्या यंत्रानें त्या सायंकाळीं ऐकण्यांत कसूर केली नव्हती. त्याला सांगतां येत नव्हतें. पावसामुळें उपग्रहाचा संदेश अडतो हेंहि खरें नाहीं. अडलें होतें मोबाईलचें जाळें.

ठिपका नेहमीं भूतकाळाची गोष्ट सांगत असतो, हें नीट समजण्यासाठीं दौंड जंक्शनाइतकें चांगलें उदाहरण नाहीं. दौंडाहून मनमाडकडे जाणारा लोहमार्ग सन १८७८ मध्यें सुरू झाला. तेव्हांपासून पिढ्यान् पिढ्या स्टेशनमास्तरास येणारी गाडी कोठें आहे हें कळत असे, तें पाठीमागच्या स्टेशनानें तारेनें कळविल्यामुळें. 'गाडी अमुक स्टेशनावरून इतक्या वाजतां सुटली' एवढेंच त्यास ठाऊक असे. मधल्या टापूंत ती धांवत आहे कीं उभी आहे, हें तिचा दिवा दिसेपर्यंत कळावयास मार्ग नव्हता. ही झाली साधी देखरेख, आणि एवढ्या माहितीवर प्रचंड वाहतूक सुरक्षित चालली, कारण वेळ लिहून ठेवण्याची शिस्त कडक होती. अलीकडे रेल्वेनें भारतीय अंतराळ संशोधन संस्थेच्या साहाय्यानें अनेक इंजिनांवर उपग्रहाचें ऐकणारीं यंत्रें बसविलीं असून तीं दोन स्टेशनांमधील गाडीची जागा दर तीस सेकंदांस कळवितात. ही झाली प्रगत देखरेख. दोहोंमधील मुख्य फरक मधल्या टापूंतील माहितीचा आहे, हें ध्यानांत ठेवावें.

आतां आपल्या रस्त्यांवर येऊं. ताशीं ६० किलोमीटर वेगानें जाणारें वाहन मिनिटास एक किलोमीटर जातें. यंत्र जर पांच मिनिटांनीं एकदां जागा कळवीत असेल, तर दोन ठिपक्यांमध्यें पांच किलोमीटरांचें अंतर पडेल. तेवढ्यांत गाडी एखाद्या ढाब्यावर तीन मिनिटें थांबून पुन्हां निघाली, तर तें मालकास कळणारहि नाहीं. दहा सेकंदांनीं कळविणाऱ्या यंत्राचे ठिपके सुमारें १६७ मीटरांवर पडतात. त्यांतून वळण, थांबा, वेग, सर्व कांहीं उमटतें. कित्येक स्वस्त यंत्रें जाळें नसतांना जागेची नोंद ठेवीतच नाहींत, व तो टापू कायमचा कोरा राहतो. चांगलें यंत्र ती नोंद स्वतःपाशीं सांठवून ठेवतें आणि जाळें मिळतांच मागची सर्व हकीकत एकदम सांगून मोकळें होतें.

साध्या यंत्रांत साधारणपणें जागा, वेग, इंजिन चालू आहे कीं बंद, आणि झालेल्या प्रवासाचा मार्ग एवढें कळतें. त्यांतहि प्रकार आहेत. कांहीं यंत्रें गाडीच्या बॅटरीच्या तारेला जोडतात, तर कांहीं डॅशबोर्डाखालच्या खोबणींत नुसतीं खोंचतात. खोंचलेलें यंत्र उपटून काढणें चोरास क्षणाचें काम आहे, म्हणून चोरीची भीति असणाऱ्यानें तें घेऊं नये. प्रगत यंत्रांत स्वतंत्र लहान बॅटरी, सांठवण, आपत्कालीन बटण, धक्का व जोराचा ब्रेक ओळखण्याची सोय, डिझेलच्या टाकींतील पातळी, थंड मालाचें तापमान, दार उघडल्याची वर्दी, आणि कांहींत चालकाकडे व रस्त्याकडे तोंड केलेले कॅमेरेहि असतात. दूर बसून इंजिन बंद करण्याची सोयहि पुष्कळ विक्रेते मोठ्या अभिमानानें दाखवितात. तिच्याविषयीं आमचें मत प्रतिकूल आहे. धांवत्या गाडीचें इंजिन अकस्मात् बंद पाडणें म्हणजे मागून येणाऱ्यांसहि संकटांत लोटणें होय. ही सोय घ्यावयाचीच असेल, तर गाडी उभी असतांना पुन्हां चालू होऊं न देण्यापुरतीच घ्यावी.

मग निवड कशी करावी ? आमच्या मतें यंत्राची यादी हातीं घेण्यापूर्वीं मालकानें एका कागदावर लिहावें, कीं मला रोज कोणत्या प्रश्नाचें उत्तर पाहिजे आहे, आणि तें उत्तर कोण वाचणार आहे. हे दोन प्रश्न सोडून जो खरेदीस निघतो, तो दुकानदाराच्या प्रश्नांचीं उत्तरें विकत घेऊन येतो.

भीमा व घोड या नद्यांच्या कांठच्या उसाचें पाहा. हंगामांत ट्रॅक्टर व ट्रक रात्रंदिवस कारखान्याकडे जात असतात. तोडलेला ऊस जितका वेळ पडून राहील तितका तो वाळतो, वजनास घटतो व त्यांतील साखरहि उतरते. शेतकऱ्यास दाम मिळतो काट्यावरच्या वजनाचा. तेव्हां येथें खरा प्रश्न आहे, तो गाडी भरून केव्हां निघाली व कारखान्याच्या आवारांत किती तास उभी राहिली, हा. त्याचें उत्तर साधें यंत्र उत्तम रीतीनें देतें. येथें कॅमेऱ्याचें काय काम ? उलट त्याच पैशांत ट्रॉलीच्या पाठीमागें चकाकणाऱ्या लाल पट्ट्या व चालू दिवे लावले, तर अंधारांत मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराचा जीव वांचेल. दिवे नसलेली ट्रॉली रस्त्याच्या कडेला उभी करून ठेवणारा मालक जेव्हां खिशांतील मोबाईलवर तिचा ठिपका कौतुकानें दाखवितो, तेव्हां आम्हांस त्याची कींव येते. ठिपका त्याला दिसतो. ट्रॉली येणाऱ्याला दिसत नाहीं.

दुधाच्या टँकरची गोष्ट वेगळी. तेथें गाडी कोठें आहे यापेक्षां दूध किती थंड आहे हें महत्त्वाचें. सुमारें ४ अंश सेंटिग्रेडपर्यंत थंड केलेलें दूध वाटेंत तापूं लागलें, तर टँकर वेळेवर पोंचूनहि माल नासका ठरावयाचा. अशा मालकानें साध्या यंत्राला तापमान मोजण्याची एकच जोड घ्यावी. बाकीच्या सोयींचे पैसे वांचवावे. रांजणगांवच्या औद्योगिक क्षेत्रांतून कारखान्यांचा माल नेणाऱ्यांस बहुधा निवडीचें स्वातंत्र्य नसतें, कारण माल देणारी कंपनीच आपल्या अटी घालते. त्यांनीं त्या अटी वाचाव्या म्हणजे झालें.

कुरकुंभचें मात्र इतकें सोपें नाहीं. तेथें रसायनांचे कारखाने आहेत आणि त्यांतून निघणारे टँकर आपल्याच गांवांवरून जातात. असा टँकर उलटला, तर तो नेमका कोठें आहे व त्यांत काय आहे, हें पहिल्या कांहीं मिनिटांत कळण्यावर कित्येकांचे प्राण अवलंबून असतात. अशा ठिकाणीं काटकसरीचा विचार कायद्यानेंच दूर सारला आहे. सन २०१६ मध्यें केंद्रीय मोटार वाहन नियमांत १२५ एच हा नियम घालण्यांत आला, व १ जानेवारी २०१९ पासून नव्यानें नोंदल्या जाणाऱ्या प्रवासी सार्वजनिक वाहनांस ठावठिकाणा सांगणारें यंत्र व आपत्कालीन बटण सक्तीचें झालें. रिक्षा व दुचाकी यांस त्यांतून वगळलें आहे. पुढें सन २०२२ मध्यें धोक्याचा माल वाहणाऱ्या मध्यम व जड वाहनांसहि ही सक्ति लागू करण्यांत आली. नद्यांच्या पात्रांतील वाळू व इतर गौण खनिजें वाहणाऱ्या गाड्यांना महाराष्ट्र शासनानें असें यंत्र बंधनकारक केलें आहे, तें कां केलें हें भीमेच्या कांठच्या लोकांस सांगण्याची गरज नाहीं.

सक्तीच्या ठिकाणीं कोणतेंहि यंत्र चालत नाहीं. त्यासाठीं 'ए. आय. एस. १४०' नांवाचें मानक आहे, आणि तें प्रसिद्ध करणारी संस्था, ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, आपल्या पुण्यांतच आहे. मूळ गाडीची वीज तुटली तरी निदान चार तास चालेल अशी स्वतःची बॅटरी, एकाहून अधिक मोबाईल कंपन्यांच्या जाळ्यांशीं बोलण्याची सोय, दर पांच सेकंदांस जागा कळविण्याची क्षमता, आणि जाळें नसतांना ४०,००० जागा सांठविण्याइतकी स्मृति, हें सारें त्यांत मागितलें आहे. विद्यार्थ्यांनीं गणित करून पाहावें : दहा सेकंदांस एक याप्रमाणें ४०,००० नोंदी सांठविल्या, तर साडेचार दिवसांहून अधिक काळाची हकीकत त्यांत मावते. आमच्या गाडीला पाऊण तासाची पुरेशी होती.

विक्रेता 'हें सरकारमान्य आहे' असें म्हणेल. तेवढ्यावर विसंबून राहूं नये. मान्यतेचा क्रमांक मागावा, आणि आपल्या वाहनाच्या परवान्यास तें लागतें कीं नाहीं, याची खात्री परिवहन कार्यालयांतून करून घ्यावी. सिमकार्ड कोणत्या पिढीच्या जाळ्यावर चालतें हेंहि विचारावें. कांहीं साधीं यंत्रें केवळ जुन्या टू-जी जाळ्यावर बोलतात. सन २०१६ मध्यें सुरू झालेल्या जिओच्या जाळ्यावर तर टू-जी मुळींच नाहीं. असें यंत्र आज स्वस्त मिळालें, तरी तें पुढें किती वर्षें बोलेल याचा विचार खरेदीपूर्वींच झाला पाहिजे. यंत्राची किंमत एकदांच द्यावी लागते, वार्षिक वर्गणी मात्र दरवर्षीं. म्हणून दोन दरपत्रकांची तुलना करतांना पांच वर्षांची बेरीज समोरासमोर मांडावी. आम्हीं ती मांडली, तेव्हां पहिल्या दिवशीं स्वस्त वाटलेलें एक यंत्र बरेंच महाग ठरलें.

डिझेलच्या मापकाविषयीं अधिक विस्तारानें लिहिणें अवश्य आहे, कारण त्यांत माणसाच्या अब्रूचा प्रश्न आहे. मालक लोक प्रगत यंत्र घेतात, तें बहुधा याच एका सोयीसाठीं. हिशेब मोहांत पाडणारा असतो. समजा, एक ट्रक महिन्यास ३,००० किलोमीटर चालतो व लिटरला ४ किलोमीटर जातो; त्यास ७५० लिटर डिझेल लागेल. त्यांतील दोन टक्के जरी चोरीस जात असेल, तरी तें महिन्यास १५ लिटर झालें. मापकाची किंमत इतक्या महिन्यांत भरून निघेल, असें कागदावर सहज दिसतें. पण मापक म्हणजे टाकींत सोडलेली एक दांडी. ती डिझेलची उंची मोजते, लिटर मोजीत नाहीं. उंचीवरून लिटर काढण्यासाठीं टाकी रिकामी करून तींत मोजून थोडें थोडें डिझेल ओतावें लागतें व प्रत्येक वेळीं दांडीचें माप लिहून ठेवावें लागतें. हें काम दोन-तीन तासांचें, म्हणून बसविणारा पुष्कळदां तें टाळतो. शिवाय ३०० लिटरांच्या टाकींत दोन टक्क्यांची चूक म्हणजेच ६ लिटरांची चूक. चढावर किंवा तिरप्या जागेवर गाडी उभी असली, तर डिझेल एका बाजूस सरकतें व माप बदलतें.

आमच्या परिचयाच्या एका कुटुंबांत हें घडलें आहे. घरचा कर्ता पुरुष बारा वर्षें एकाच मालकाकडे ट्रक चालवीत होता. नवें यंत्र बसल्यावर रोज रात्रीं एकाच ठिकाणीं सात-आठ लिटर डिझेल कमी झाल्याची वर्दी मालकास जाऊं लागली. मालकानें शब्दानेंहि न विचारतां पगारांतून कापून घेण्यास आरंभ केला. तिसऱ्या महिन्यांत त्या चालकानें मालकास हात धरून रात्रीं त्या जागेवर नेलें. ट्रक उभा राहत असे ती जागा एका बाजूस उतरती होती. सकाळीं गाडी सपाट रस्त्यावर आली कीं तेंच डिझेल टाकींत 'परत' येत असे, परंतु डिझेल वाढल्याची वर्दी यंत्र देत नव्हतें. तें केवळ घट सांगावयास शिकविलेलें होतें. पैसे परत मिळाले. मधल्या काळांत त्याच्या मुलाला वर्गांत जें ऐकावें लागलें, तें परत घेण्याची सोय कोणत्या यंत्रांत आहे ?

चालकाच्या खाजगी आयुष्याचाहि विचार झाला पाहिजे. गाडी रात्रीं त्याच्या दारांत उभी असते. सुटीच्या दिवशीं तो कोठें होता, हें जाणण्याचा अधिकार मालकास आहे काय? सन २०२३ मध्यें आपल्या देशांत डिजिटल व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, व व्यक्तीची माहिती गोळा करणाऱ्यावर जबाबदारी आली. पण कायद्याची वाट न पाहतांहि, यंत्र बसविण्यापूर्वीं चालकास सांगणें, त्यास तोच नकाशा दाखविणें, व त्याचें म्हणणें ऐकून घेणें एवढें तर कोणासहि करतां येईल. शुभवर्तमानांतील मेंढपाळाचा दाखला आमच्या विद्यार्थ्यांस परिचित आहे. शंभरांतील एक मेंढरूं कमी आहे हें त्यास कळलें, तें मोजणीमुळें. आमच्या माळरानांवरील धनगरहि सांजेस वाड्यांत शिरतांना कळप मोजतो. प्रत्येक मेंढराच्या दिवसभराच्या पावलांचा हिशेब तो मागत नाहीं.

आणखी एक गोष्ट आम्हीं अनुभवानें शिकलों. प्रगत यंत्र दिवसाकाठीं शेंकडों सूचना पाठवितें : ब्रेक जोरानें लागला, वेग वाढला, गाडी हद्दीबाहेर गेली, दार उघडलें. नव्याचे नऊ दिवस त्या वाचल्या जातात. पुढें मोबाईलचा आवाज बंद करण्यांत येतो, आणि मग ज्या एका सूचनेसाठीं एवढा खर्च केला, तीहि त्याच ढिगांत पडून राहते. तीन गाड्यांचा मालक, जो स्वतःच चौथी गाडी चालवितो, त्यास एवढ्या सूचना वाचावयास वेळ कोठला ? त्यानें साधें यंत्र घ्यावें व रोज रात्रीं दहा मिनिटें दिवसाचा मार्ग पाहावा. तीस गाड्यांच्या मालकानें प्रगत यंत्र घ्यावें, परंतु त्याबरोबर सूचना वाचणारा एक माणूसहि नेमावा, व त्याचा पगार यंत्राच्याच खर्चांत धरावा.

१ जून १९४८ रोजीं एस. टी. ची पहिली बस तेव्हांच्या अहमदनगराहून, म्हणजे आतांच्या अहिल्यानगराहून, पुण्यास निघाली ती आपल्या शिरूरवरून गेली. तिच्यांत असें कोणतेंहि यंत्र नव्हतें. वाटेंत वाट पाहणाऱ्यांनीं धूळ दिसेपर्यंत मान उंच करून पाहत राहावें, हीच तेव्हांची रीत. आमचे कांहीं वयस्क पालक या गोष्टीचा दाखला देऊन म्हणाले, कीं एवढा खटाटोप हवा कशाला ? त्यांचें म्हणणें सर्वस्वीं टाकाऊ नाहीं. परंतु त्या काळीं या रस्त्यांवर इतकी वाहनेंहि नव्हतीं आणि सहा वर्षांचीं मुलें रोज इतक्या दूरवर एकटीं जात नव्हतीं.

अखेर समितीनें काय ठरविलें तें सांगतों. मुलांच्या गाड्यांसाठीं साधें यंत्र घ्यावयाचें नाहीं, असें एकमतानें ठरलें. सांठवण, स्वतंत्र बॅटरी, दोन जाळीं व आपत्कालीन बटण असलेलें, वर सांगितलेल्या मानकाचें यंत्र निवडलें. डिझेलमापक व चालकाकडे पाहणारा कॅमेरा नाकारला. कॅमेऱ्याविषयीं मतभेद झाला. कांहीं माता त्याच्या बाजूच्या होत्या, आणि त्यांचीं कारणें हलकीं नव्हतीं. तो प्रश्न पुढील वर्षीं पुन्हां विचारांत घेण्याचें मान्य झालें आहे. नकाशा पालकांस केवळ सकाळच्या व सायंकाळच्या फेरीच्या वेळीं दिसेल. ठिपक्याबरोबर त्याची वेळ मोठ्या अक्षरांत दिसावी, व ती पांच मिनिटांहून जुनी झाल्यास ठिपक्याचा रंग बदलावा, ही अट विक्रेत्याकडून लिहून घेतली. शाळेच्या कार्यालयांतील एका लेखनिकाकडे फेरीच्या वेळीं नकाशा पाहण्याचें काम सोंपविलें आहे.

पैसे देण्यापूर्वीं त्याच ओढ्याच्या वाटेनें, व मग त्या दूरच्या वाटेनें, मुलांवांचून गाडी नेऊन पाहिली. ओढ्यापाशीं ठिपका पूर्वींप्रमाणेंच थांबला. पांच मिनिटांनीं तो करडा झाला. सुमारें वीस मिनिटांनीं गाडी जाळ्यांत आली आणि मधली सर्व वाट नकाशावर एकदम उमटली. त्या वीस मिनिटांत मात्र नकाशा पाहणाऱ्यास नवें कांहींच कळलें नाहीं, हेंहि आम्ही प्रामाणिकपणें नमूद करतों. अधिक किंमतीच्या यंत्रानेंहि तें कळलें नसतें. म्हणून वाट बदलण्यापूर्वीं, जाळें असतांनाच, चालकानें शाळेस फोन करावा असा नियम केला आहे, आणि त्यासाठीं प्रत्येक गाडींत फोनला वीज पुरविणारा चार्जर बसविला आहे. त्याचा उल्लेख दोन्ही दरपत्रकांत नव्हता. तो एका चालकानें सुचविला.